लेस्टरमध्ये प्रायव्हेट हायरचा परवाना : कोल्हापूरची जुनी केस अर्जात लिहावी का?

प्रश्न : मी मूळचा कोल्हापूरचा, वय ३८. पुण्यात बरीच वर्षे टूरिस्ट गाडी चालवली, आरटीओचा बॅजही होता. पत्नी लेस्टरमधील एका रुग्णालयात नर्स आहे आणि तिच्या स्किल्ड वर्कर व्हिसावर मी अवलंबित म्हणून येथे आलो. सध्या गोदामात रात्रपाळी करतो. परीक्षा देऊन ब्रिटिश लायसन्स मिळाले, त्याला सव्वा वर्ष झाले; मध्यंतरी स्पीड कॅमेऱ्यामुळे लायसन्सवर तीन पॉइंट्स (दंडगुण) पडले. आता प्रायव्हेट हायर टॅक्सीचा, म्हणजे आधी नोंदवलेल्या फेऱ्याच करणाऱ्या गाडीचा, परवाना काढायचा आहे. अडचण अशी की २०१३ मध्ये कोल्हापुरात स्टँडवर गाडी लावण्यावरून एका चालकाशी माझी मारामारी झाली, त्याचा हात मोडला आणि माझ्यावर कलम ३२५ खाली गुन्हा दाखल झाला. पुढे न्यायालयातच तडजोड झाली आणि केस संपली. येथील मित्र म्हणतात, ‘फॉर्ममध्ये काही लिहू नकोस, इथे कोणाला कळणार?’ दुसरे म्हणतात, लेस्टरऐवजी वुल्व्हरहॅम्प्टनचा परवाना काढ, तो लवकर मिळतो. एक ओळखीचे गृहस्थ फायनान्सवर गाडी मिळवून द्यायला तयार आहेत; तीच गाडी पत्नीलाही ड्युटीवर जायला उपयोगी पडेल. काय करावे?
(नाव प्रसिद्ध न करण्याची विनंती केलेली आहे.)

उत्तर : तुम्ही बरेच प्रश्न एका दमात विचारले आहेत, परंतु २०१३ च्या केसचे काय करायचे हे ठरल्याशिवाय बाकीच्यांना अर्थ नाही, म्हणून सुरुवात तेथूनच करू.

त्या केसची कायदेशीर स्थिती तुम्ही समजता त्यापेक्षा बरी आहे. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचे कलम ३२५ म्हणजे गंभीर दुखापत. हाड मोडले की दुखापत त्या सदरात जाते. हा गुन्हा न्यायालयाच्या परवानगीने तडजोडीस पात्र होता, आणि तेव्हा लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२० मधील आठव्या पोटकलमानुसार अशा तडजोडीचा परिणाम आरोपीच्या निर्दोष सुटकेसारखाच असतो. म्हणजेच तुम्हाला शिक्षा झालेली नाही आणि तुमच्यावर दोषसिद्धीही नाही. काउन्सिलच्या, म्हणजे येथील नगरपालिकेच्या, अर्जात ‘तुम्हाला कोणत्याही देशात शिक्षा झाली आहे का’ एवढाच प्रश्न असेल, तर त्याचे खरे उत्तर ‘नाही’ असे आहे. मात्र बहुतेक अर्ज एवढ्यावर थांबत नाहीत. अटक झाली होती का, आरोप ठेवले गेले होते का, पोलीस तपास झाला होता का, असे पुढचे प्रश्न येतात आणि तेथे तुमचे उत्तर ‘होय’ असेच असले पाहिजे. त्यामुळे प्रत्येक प्रश्न शब्दशः वाचा. मित्राने सांगितलेला सारांश वाचून उत्तर लिहू नका.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी लागेल. पुण्यात तुम्हाला बॅज आरटीओने, म्हणजे राज्य सरकारच्या खात्याने दिला होता. इंग्लंडमध्ये लंडन वगळता हे काम स्थानिक काउन्सिलचे आहे, आणि प्रायव्हेट हायरपुरता त्याचा आधार १९७६ चा स्थानिक शासनविषयक कायदा आहे. (लंडनचा कारभार ट्रान्स्पोर्ट फॉर लंडनकडे आहे आणि त्याचा कायदाही निराळा, १९९८ चा आहे, तेथील मित्रांचे अनुभव तुम्हाला जसेच्या तसे लागू पडणार नाहीत.) १९७६ च्या कायद्यानुसार अर्जदार ‘फिट अँड प्रॉपर’, म्हणजे या कामासाठी योग्य व विश्वासू, असल्याची खात्री पटल्याशिवाय काउन्सिलने परवाना द्यायचाच नाही. अयोग्यता सिद्ध करण्याची जबाबदारी काउन्सिलवर नाही. खात्री तुम्ही पटवून द्यायची आहे. आपल्याकडच्या ‘कागद पूर्ण, फी भरली, मग का देत नाही’ या सवयीने विचार केला, तर येथे पदोपदी अपमान झाल्यासारखे वाटेल.

ही कडकपणाची पद्धत आकाशातून पडलेली नाही. रॉदरहॅम या इंग्लंडमधील शहरात १९९७ ते २०१३ या काळात किमान १,४०० मुलांचे लैंगिक शोषण झाल्याचा अंदाज ॲलेक्सिस जे यांच्या २०१४ च्या चौकशी अहवालाने मांडला आणि त्यात टॅक्सीचालकांचा सहभाग ठळकपणे पुढे आला. त्यानंतर बऱ्याच वादंगातून परिवहन खात्याने जुलै २०२० मध्ये सर्व काउन्सिलांसाठी मानके जाहीर केली. निर्णय घेणाऱ्याने स्वतःला काय विचारावे, हेही त्यात सांगितले आहे : आपल्या जिव्हाळ्याच्या माणसाला, त्याची अवस्था कशीही असो, दिवसा किंवा रात्री, कोणत्याही वेळी या चालकाच्या गाडीत एकटे जाऊ द्याल का? शंका आणि विश्वास निम्मेनिम्मे असतील, तर परवाना द्यायचा नाही, संशयाचा फायदा अर्जदाराला नाही, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. शिक्षा झाली नाही म्हणून घडलेले वर्तन विचारात घेता येत नाही, असेही नाही. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला शक्याशक्यतेच्या तराजूवर सगळे पाहता येते. त्याला फौजदारी न्यायालयासारखा निःसंशय पुरावा लागत नाही.

आता हे सारे तुमच्या बाजूने कसे मांडता येईल ते पाहू. हिंसेच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या अर्जदाराने शिक्षा पूर्ण होऊन किमान दहा वर्षे लोटल्याशिवाय परवाना मिळू नये, असे ही मानके सुचवतात. तुम्ही दोषी ठरलेलाच नाहीत आणि घटनेला दहा वर्षांहून अधिक काळ उलटला आहे. त्यानंतर एकही तक्रार नसेल, तर वस्तुस्थितीच्या बळावर तुमची बाजू चांगली आहे. ती बिघडवू शकणारी एकच गोष्ट मला दिसते, ती म्हणजे लपवाछपवी.

मित्रांचा सल्ला मी म्हणूनच धोक्याचा मानतो. ‘कोणाला कळणार’ या प्रश्नाचे पहिले उत्तर असे की परदेशात सलग तीन महिने किंवा अधिक राहिलेल्या अर्जदाराकडून काउन्सिल त्या देशाचा चारित्र्याचा दाखला मागते. तुमच्या बाबतीत तो म्हणजे भारतीय पोलिसांचा दाखला, ज्याला आपण पीसीसी म्हणतो. भारतीय पासपोर्टधारकाला तो उच्चायुक्तालयाच्या सेवा केंद्रामार्फत येथूनच मागवता येतो, आणि पडताळणी ज्या पोलीस ठाण्याकडे जाते तेथील दप्तरात तुमचे नाव आहेच. दाखला कोरा येईल की काही शेरा मारून, हे आज सांगता येत नाही; पण तो कोरा आला तरी अर्जातले तुमचे उत्तर त्यावरून ठरवायचे नाही. याच १९७६ च्या कायद्यानुसार अर्जात जाणूनबुजून खोटी माहिती देणे किंवा महत्त्वाची बाब गाळणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. म्हणजे जो माणूस आज निर्दोष सुटलेला आहे, तो फॉर्मवरच्या एका खुणेसाठी ब्रिटनमध्ये गुन्हेगार ठरू शकतो, आणि गुन्हाही अप्रामाणिकपणाचा. अप्रामाणिकपणाच्या गुन्ह्याला मानकांनी सात वर्षांची मुदत लावली आहे. शिवाय नाकारलेल्या आणि रद्द झालेल्या परवान्यांची एक राष्ट्रीय नोंदवही आहे; २०२२ च्या कायद्याने ती पाहणे इंग्लंडमधील काउन्सिलांवर बंधनकारक झाले. सुरक्षिततेच्या कारणावरून एकदा नाव तिच्यात चढले की ते अकरा वर्षे राहते. पुढे कायम वास्तव्याचा अर्ज करताना गृहखातेही ब्रिटनमधील गुन्ह्यांबद्दल विचारणारच आहे. मित्र सल्ला देऊन मोकळे झाले, निस्तरावे तुम्हालाच लागेल.

तेव्हा काम कोल्हापूरपासून सुरू करा. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जिल्हा निवडून तुमच्या नावाने किंवा केस क्रमांकाने शोध घेतला, तर निकालाची तारीख बहुधा सापडेल. जुनी केस तेथे दिसली नाही, तर ज्या वकिलांनी काम पाहिले त्यांच्याकडे फाईल असेल. त्यांच्यामार्फत न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करून तडजोडीच्या आदेशाची प्रमाणित नक्कल काढा. झेरॉक्स किंवा मोबाइलवरचा फोटो चालणार नाही. तडजोडीचा अर्ज, म्हणजे ज्यावर समोरच्या चालकाची सही आहे तो कागद, त्याचीही नक्कल घ्या, कारण जखमी माणसाने स्वतः तक्रार मिटवली हे त्यावरून दिसते. कागद मराठीत असतील तर येथील व्यावसायिक अनुवादकाकडून इंग्रजी भाषांतर करून घ्या आणि त्यावर त्याचे प्रमाणपत्र, सही व तारीख असू द्या. हे भाषांतर पत्नीने किंवा तुम्ही स्वतः करू नये, मग तुमचे इंग्रजी कितीही चांगले असो.

सोबत एक पानाचे निवेदन जोडा. त्यात घटना कोठे व कशी घडली, दुखापत काय झाली, न्यायालयात काय झाले आणि त्यानंतरच्या वर्षांत तुम्ही काय काम केले, एवढेच लिहा. ‘आधी त्याने हात उचलला’, ‘पोलिसांनी मला गोवले’ अशी वाक्ये खरी असली तरी ती प्रथमच वाचणाऱ्या अधिकाऱ्याच्या मनात उलटा परिणाम करतात. काउन्सिल जुना खटला नव्याने चालवायला बसलेली नसते. एखाद्याचा हात मोडला, त्यात माझा दोष होता, हे एका वाक्यात मान्य करणारा अर्जदार अधिक विश्वासार्ह ठरतो. अर्ज अधिकाऱ्याच्या पातळीवर न सुटता परवाना उपसमितीपुढे गेला, तर घाबरू नका. नगरसेवकांची ती छोटी बैठक असते, तुम्हाला बोलायची संधी मिळते, आणि गोदामातील वरिष्ठांचे शिफारसपत्र तेथे उपयोगी पडते. नकार मिळालाच, तर निर्णय कळल्यापासून २१ दिवसांत मॅजिस्ट्रेट न्यायालयात अपील करता येते. ही मुदत चुकवू नका. मात्र अपील जिंकले तरी वकिलाचा खर्च काउन्सिलकडून वसूल होईलच असे धरून चालू नका, आणि हरलात तर काउन्सिलचा खर्च तुमच्यावर येऊ शकतो.

तीन पॉइंट्सची चिंता तुम्ही भलत्या बाजूने करत आहात. एखादा किरकोळ वाहतूक गुन्हा परवान्याच्या आड येत नाही, असे मानकेच म्हणतात. अर्जात तो लिहा आणि पुढे चला. खरा धोका निराळा आहे. परीक्षा उत्तीर्ण झाल्यापासून पहिल्या दोन वर्षांत एकूण सहा पॉइंट्स झाले, तर मूळ लायसन्सच रद्द होते आणि शिकाऊ परवान्यापासून पुन्हा सुरुवात करावी लागते. तुमची दोन वर्षे अजून भरायची आहेत आणि निम्मी मर्यादा आधीच खर्च झाली आहे. ॲपवर चालणाऱ्या टॅक्सीचालकाच्या समोर फोन दिवसभर लुकलुकत असतो. गाडी सुरू असताना, अगदी सिग्नलला थांबलेली असतानाही, तो हातात घेतला की सहा पॉइंट्स आणि २०० पाउंड दंड. फोन काचेपाशी पक्क्या स्टँडमध्ये बसवा आणि हातात घेण्याची सवय आजपासूनच सोडा. कायद्यानुसार अर्जदाराकडे पूर्ण लायसन्स किमान बारा महिने असावे लागते, त्यात तुमचे पुण्यातील भारतीय लायसन्स धरले जात नाही. ब्रिटिश लायसन्सचे सव्वा वर्ष त्यासाठी पुरेसे आहे. तरीही दोन वर्षांचा टप्पा ओलांडेपर्यंत अर्ज थांबवायचा विचार केलात, तर मी तुम्हाला भित्रा म्हणणार नाही. कागद जमवण्यात काही महिने तसेही जातील.

व्हिसाची बाजू तुमच्याबाबत सोपी आहे. स्किल्ड वर्करच्या जोडीदाराला स्वयंरोजगार करण्याची मुभा असते. हाच व्यवसाय तुमच्या पत्नीने किंवा विद्यार्थी व्हिसावरच्या एखाद्या भाच्याने करायचे म्हटले असते, तर उत्तर स्पष्ट नकाराचे होते. म्हणून तुमचे पाहून दुसऱ्याला सल्ला देऊ नका. डिसेंबर २०१६ पासून काउन्सिलला प्रत्येक अर्जदाराचा काम करण्याचा हक्क तपासावा लागतो आणि त्यासाठी शेअर कोड (व्हिसाची स्थिती ऑनलाइन दाखवणारा सरकारी क्रमांक) द्यावा लागेल. चालकाचा परवाना साधारणतः तीन वर्षांचा असतो, पण तुमचा व्हिसा त्याआधी संपत असेल तर परवानाही त्याच तारखेपर्यंतचा मिळतो. व्हिसाला थोडेच महिने उरले असतील, तर आधी मुदतवाढ, मग अर्ज, असा क्रम ठेवला की फीचे पैसे पाण्यात जात नाहीत. पहिल्या अर्जात करविषयक जबाबदाऱ्या माहीत असल्याचे लिहून द्यावे लागते. नूतनीकरणाच्या वेळी मात्र एचएमआरसीकडून (ब्रिटनच्या कर खात्याकडून) कर तपासणीचा कोड आणल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. रोखीत मिळालेले भाडे हिशेबात धरायचे नाही, असे सांगणारे भेटतीलच.

बाकी पायऱ्या थोडक्यात सांगतो. एन्हान्स्ड डीबीएस, म्हणजे ब्रिटनमधील गुन्हेगारी नोंदींची सखोल, तपासणी होईल. प्रमाणपत्र निघाल्यापासून ३० दिवसांच्या आत त्याच्या अपडेट सेवेत नाव नोंदवा, कारण काउन्सिलने ही तपासणी दर सहा महिन्यांनी करावी अशी अपेक्षा आहे. वैद्यकीय तपासणी सहसा लॉरी व बसचालकांच्या निकषांवर होते. मुलांच्या संरक्षणाचे प्रशिक्षण असते आणि इंग्रजी बोलता-वाचता येते का हेही पाहिले जाते. अंध प्रवाशासोबतच्या मार्गदर्शक कुत्र्याला नकार देणे हा गुन्हा आहे आणि वैद्यकीय कारणावरून काउन्सिलने दिलेले सूट-प्रमाणपत्र एवढाच त्याला अपवाद. डॅशबोर्डवर गणपती आहे म्हणून कुत्रा नको, ही सबब चालत नाही. परवाना मिळाल्यावरही हिंसा, अप्रामाणिकपणा, लैंगिक गुन्हा किंवा वाहतूक गुन्हा यांबाबत अटक, आरोप वा शिक्षा झाली, तर ४८ तासांत काउन्सिलला कळवण्याची अट परवान्यात असते.

वुल्व्हरहॅम्प्टनचे म्हणाल, तर ते बेकायदा नाही. चालक, गाडी आणि ऑपरेटर (फेऱ्या नोंदवून घेणारी कंपनी) या तिघांचे परवाने एकाच काउन्सिलचे असले की आगाऊ नोंदवलेली फेरी इंग्लंडमध्ये कोठेही करता येते. २०१५ च्या नियमशिथिलीकरण कायद्याने ऑपरेटरना दुसऱ्या भागातील ऑपरेटरकडे फेऱ्या सोपवण्याची सोय झाल्यावर हा प्रकार आणखी फोफावला आणि वुल्व्हरहॅम्प्टनने दिलेले परवाने त्या शहराच्या गरजेपेक्षा कितीतरी पट झाले. तरीही तुम्ही लेस्टरलाच अर्ज करावा असे मला वाटते. जून २०२५ मध्ये बॅरोनेस केसी यांच्या मुलांच्या लैंगिक शोषणाविषयीच्या अहवालाने ही पळवाट बंद करण्याची शिफारस केली आणि सरकारने त्या अहवालाच्या शिफारशी स्वीकारल्या आहेत. उद्या नियम बदलला तर दूरच्या काउन्सिलच्या प्लेटवर (गाडीच्या परवान्याच्या पाटीवर) घेतलेली गाडी तुमच्या गळ्यात पडेल. दुसरे कारण असे की तुमच्या अर्जात स्पष्टीकरण देण्याजोगी बाब आहे. अशा वेळी ज्या गावात राहता, काम करता, जेथे तुम्हाला ओळखणारे लोक आहेत, तेथील समितीपुढे उभे राहणे केव्हाही बरे. वुल्व्हरहॅम्प्टनमध्येही तीच डीबीएस, तीच नोंदवही आणि तोच प्रश्न असतो.

फायनान्सवर गाडी मिळवून देणाऱ्या गृहस्थांना तूर्त नम्रपणे थांबवा. चालकाचा परवाना हातात येण्यापूर्वी गाडीसाठी सही करू नका, कारण गाडीलाही स्वतंत्र परवाना लागतो आणि तिचे वय, धूर व इतर गोष्टींबाबत प्रत्येक काउन्सिलच्या अटी वेगळ्या असतात. दुसऱ्या शहरात चालणारी गाडी लेस्टरमध्ये नापास होऊ शकते. सुरुवातीला प्लेट लागलेली गाडी भाड्याने घेऊन सहा महिने धंद्याचा अंदाज घ्या, गोदामातील नोकरीचे काही तास शक्य असल्यास चालू ठेवा. विमा भाडे घेऊन प्रवासी नेण्यासाठीचाच हवा. साध्या विम्यावर प्रवासी बसवला तर तो विमा नसल्यासारखाच. आणि पुण्याच्या स्टँडवरची एक सवय येथे पूर्ण विसरा : प्रायव्हेट हायरच्या गाडीत रस्त्यावर हात दाखवणाऱ्याला घेता येत नाही. फेरी ऑपरेटरकडे आधी नोंदवलेली असलीच पाहिजे. पावसात भिजणाऱ्या ओळखीच्या मराठी कुटुंबाला दहा पाउंडांत घरी सोडले, तरी तो परवाना जाण्याजोगा गुन्हा आहे आणि त्या फेरीपुरता विमाही हातचा जातो.

राहिला पत्नीचा प्रश्न, ज्याचा विचार बहुतेक कुटुंबे गाडी दारात आल्यावर करतात. लंडनबाहेर एकदा गाडीला प्रायव्हेट हायरची प्लेट लागली की ती चोवीस तास प्रायव्हेट हायरचीच गाडी राहते, हे १९९७ च्या बेन्सन विरुद्ध बॉइस या निकालाने पक्के झाले आहे. ॲप बंद असो, आत प्रवासी नसो, रविवारी भाजी आणायला जायचे असो. ती चालवणाऱ्याकडे त्याच काउन्सिलचा चालक परवाना असावाच लागतो. तुमच्या पत्नीकडे तो नसेल, तर ड्युटीसाठीही तिला ही गाडी चालवता येणार नाही, आणि चालवू दिल्याचा दोष तुमच्यावरही येईल. तुम्ही तिला सोडायला-आणायला जाऊ शकता. परंतु तिच्या पाळ्या आणि तुमच्या धंद्याच्या चांगल्या वेळा, म्हणजे पहाटेची विमानतळाची भाडी आणि शुक्रवार-शनिवारच्या रात्री, एकमेकींवर आदळणार आहेत. तेव्हा तिच्यासाठी वेगळी लहान गाडी, तिचा विमा आणि रुग्णालयातील पार्किंग यांचा खर्च आधी कागदावर मांडा, आणि गोदामात राजीनामा देण्याची तारीख त्यानंतरच ठरवा.